क्रूझच्या थांब्यात कोची कसं पाहाल?

दिवाळीची सुट्टी जवळ आली, की भिवंडी, कल्याण, ठाणे या पट्ट्यातल्या वाचकांचा एक प्रश्न हमखास येतो. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलंय, जहाज कोचीला दिवसभर थांबणार आहे, तर तेवढ्यात काय काय बघून होईल? प्रश्नाच्या मागोमाग यादीही असते: अलेप्पीची हाउसबोट, मुन्नार, लुलू मॉल, मरीन ड्राइव्ह, फोर्ट कोची, कथकली आणि मसाल्यांची खरेदी.

आमचं उत्तर थोडक्यात असं: यादीतलं फोर्ट कोची आणि मसाल्यांची खरेदी ठेवा, त्यात मट्टनचेरीची भर घाला आणि बाकी सगळं खोडा. कारणं पुढे देतो आहोत. पण त्याआधी हातातलं बुकिंग पुन्हा एकदा उघडा, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो.

तुमच्यासाठी कोची थांबा आहे की शेवट?

कॉर्डेलिया क्रूझेसचं ‘एम्प्रेस’ हे जहाज सप्टेंबर २०२१पासून मुंबईहून प्रवासी नेऊ लागलं आणि मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांच्या सहलींत क्रूझ आली. जहाज कुठे, कधी आणि किती वेळ थांबणार, हे हंगामागणिक बदलतं. शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी सांगितलेलं वेळापत्रक यंदा तुमच्या कामाचं नाही. तुमच्या बुकिंगवर या तीनपैकी काय लिहिलंय ते पाहा:

- मुंबई ते कोची, एकतर्फी. कोचीत तुम्ही सामानासह उतरणार. जहाज तुम्हाला परत आणणार नाही, परतीचं रेल्वेचं किंवा विमानाचं तिकीट तुम्हीच काढायचं. इथे घाईचा प्रश्नच नाही, एक-दोन रात्री मुक्काम करा.
- कोचीचा थांबा असलेली फेरी. सकाळी उतरायचं, संध्याकाळच्या आत परत जहाजावर. हा लेख मुख्यतः या प्रवाशांसाठी आहे.
- लक्षद्वीपची फेरी. लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो, कोचीला लागत नाही. एजंटाने परवान्याचे पैसे घेतले असतील तर ते कशाचे, हे विचारून घ्या.

‘कोची पाहणं समाविष्ट’ आणि ‘कोचीला थांबा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक क्रूझमध्ये किनाऱ्यावरची सहल तिकिटात धरलेली नसते, ती वेगळी घ्यावी लागते.

हातात खरे तास किती?

सकाळी ८ ते संध्याकाळी ५ असा थांबा पाहून लोक नऊ तास धरतात. तसे ते मिळत नाहीत. जहाज धक्क्याला लागलं, की सुरक्षा तपासणी होते, मग गटागटाने उतरवतात. परतताना जहाज सुटण्याच्या बराच आधी सर्वांना आत घेतात. ही शेवटची वेळ जहाजावर रोज वाटल्या जाणाऱ्या सूचनापत्रकात छापलेली असते. तिचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा.

आता उलटा हिशेब करू. समजा, जहाज ५ वाजता सुटणार आणि आत येण्याची शेवटची वेळ ४ आहे. तर बंदराच्या फाटकाशी तुम्ही ३ वाजता हवेत. सकाळी प्रत्यक्ष बाहेर पडायला ९ वाजले, तर मधले सहा तास तुमचे. जाण्यायेण्यात त्यातला तासभर जातो. म्हणजे फिरायला पाच तास, जेवण धरून.

कोचीहून अलेप्पी, म्हणजे आजचं आलप्पुळा, पन्नास किलोमीटरहून थोडं लांब आहे. वाहतुकीत एका दिशेने दीड ते दोन तास लागतात. पाचातले चार तास महामार्गावर गेले, तर हाउसबोटीत बसायचं कधी? मुन्नार तर घाटात आहे, त्याचा विचारही या दिवशी नको. लुलू मॉल शहराच्या दुसऱ्या टोकाला इडपळ्ळीला आहे, आणि मॉल ठाण्यातही आहेत. अलेप्पीसाठी वेगळी सहल काढा. ती जागा दोन दिवस देण्याच्या योग्यतेची आहे.

फोर्ट कोची आणि मट्टनचेरी मात्र जहाजाच्या धक्क्यापासून अर्ध्या तासावर आहेत, एकमेकांना लागून आहेत आणि पायी फिरण्यासारख्या आहेत. हे बंदर इथे का आणि कसं वाढलं, हे याच दोन वस्त्यांत दिसतं.

‘फोर्ट’ शोधू नका

फोर्ट कोचीत किल्ला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाव ऐकून अनेक जण वसईच्या किल्ल्यासारखी तटबंदी डोळ्यांपुढे आणतात आणि तिथे पोहोचल्यावर हिरमुसतात. पोर्तुगीजांनी १५०३मध्ये इथे किल्ला बांधला, १६६३मध्ये तो डचांनी घेतला, १७९५मध्ये इंग्रजांकडे गेला, आणि इंग्रजांनी १८०६मध्ये तो बहुतांशी पाडून टाकला. आज बुरुजांचे काही अवशेष आहेत आणि डचांच्या एका बुरुजावर उभा असलेला बॅस्टियन बंगला आहे. तट-बुरुज पाहायची हौस असेल, तर चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये जिंकलेला वसईचा किल्ला भिवंडीहून जवळ आहे, आणि तो कोचीच्या कितीतरी पट मोठा आणि शाबूत आहे. कोचीत उरल्या आहेत त्या वस्त्या, प्रार्थनास्थळं आणि गोदामं. ती अजून वापरात आहेत, हेच तिथे जाण्याचं कारण.

बुकिंग करतानाच वार बघा

ही सूचना सगळ्यांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच लोक विसरतात. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. मट्टनचेरीच्याच ज्यू टाउनमधलं ‘परदेशी’ नावाचं सिनेगॉग शुक्रवारी आणि शनिवारी पर्यटकांना बंद असतं, शिवाय ज्यू सणांनाही. इतर दिवशी ते सकाळी १० ते १ आणि पुन्हा ३ ते ५ उघडतं, मधले दोन तास कुलूप असतं. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असते, त्या वेळात आत हिंडता येत नाही.

म्हणजे रविवार ते गुरुवार यातला कोणताही दिवस चांगला. तुमची सहल शुक्रवारी किंवा शनिवारी कोचीत पडते असं दिसलं, तर तारीख बदलता येते का ते विचारा. नाहीच जमलं, तर शुक्रवारी दोन्ही बंद दारांपुढे जाऊन उभं राहण्यापेक्षा फोर्ट कोचीत जास्त वेळ घाला आणि बाझार रोड व चेरळाई ही वस्ती पाहा. शनिवारी राजवाडा मिळतो, सिनेगॉग मिळत नाही.

धक्क्यावरून बाहेर कसं पडायचं?

तुमचं जहाज लागतं ते विलिंग्डन बेटावर. हे बेट पूर्णपणे नैसर्गिक नव्हे. रॉबर्ट ब्रिस्टो हा इंग्रज अभियंता १९२०मध्ये कोचीत आला. खाडीच्या मुखाशी वाळूचा बांध होता, त्यामुळे मोठी जहाजं बाहेरच नांगर टाकत. ब्रिस्टोने तो बांध कापला, गाळ उपसला आणि त्याच मातीचा भराव घालून हे बेट वाढवलं. २६ मे १९२८ रोजी आतल्या बंदरात शिरलेली पहिली आगबोट ‘पद्मा’ मुंबईहूनच निघाली होती. तुमचं जहाज सकाळी त्याच वाटेने आत येतं, तेव्हा झोपून राहू नका, डेकवर या. डावीकडे वायपीन बेट, उजवीकडे फोर्ट कोचीची चिनी जाळी, समोर बंदर. पुढच्या पाच तासांत जे पाहायचं आहे त्याचा नकाशा तेवढ्या वेळात डोळ्यांत बसतो.

बाहेर पडायचे तीन मार्ग आहेत:

- जहाजाची सहल. महाग पडते, गटाबरोबर धावावं लागतं, दुकानांत वेळ जातो. पण ती बस उशिरा आली, तर साधारणपणे जहाज तिच्यासाठी थांबतं. ही अट लेखी आहे ना, ते बघून घ्या. ज्येष्ठ सोबत असतील किंवा पहिल्यांदाच क्रूझला जात असाल, तर हा मार्ग घ्यायला हरकत नाही.
- दिवसभरासाठी टॅक्सी किंवा रिक्षा. चार-पाच जणांच्या कुटुंबाला हा मार्ग सगळ्यांत सोयीचा. बसण्याआधी चार गोष्टी ठरवून घ्या: एकूण रक्कम, किती तास, कुठल्या जागा, आणि परत बंदराच्या फाटकाशी सोडणार. पैसे शेवटी द्या.
- बोट. कोची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षी फोर्ट कोचीपर्यंत पोहोचली. सुरू झाली तेव्हा भाडं २० ते ४० रुपयांच्या दरम्यान ठेवलं होतं. राज्य जलवाहतूक विभागाच्या साध्या बोटी तर त्याहून स्वस्त. हातात वेळ असेल, तर जाताना बोटीने जा. पण येताना रस्त्यानेच या, कारण सुट्टीच्या दिवशी फोर्ट कोचीच्या जेट्टीवर लांब रांग लागते आणि रांगेला तुमच्या जहाजाची वेळ ठाऊक नसते.

रिक्षावाल्यांबद्दल एक सांगायला हवं. ‘पाच मिनिटं फक्त, बघायला पैसे नाहीत’ असं म्हणून तुम्हाला एखाद्या मोठ्या एम्पोरियममध्ये नेतील. तिथे प्रवासी नेऊन पोहोचवल्याबद्दल दुकान चालकाला काहीतरी देतं. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, त्याच्यावर चिडू नका, पण ‘दुकान नको, हवं तर दहा-वीस रुपये जास्त घ्या’ हे सुरुवातीलाच सांगा. हिंदी सगळीकडे चालतेच असं नाही, मट्टनचेरीत मात्र बऱ्यापैकी चालते.

फोर्ट कोची: पावणेदोन तास, पायी

सुरुवात चिनी जाळ्यांपासून करा, कारण ऊन चढल्यावर तिथे उभं राहवत नाही. सागाचे आणि बांबूचे लांबच लांब वासे, पुढे टांगलेलं जाळं आणि मागे दोरांना बांधलेले मोठमोठे दगड. चार-सहा माणसं दोर सैल सोडतात, जाळं पाण्यात उतरतं, काही मिनिटांनी सगळे मिळून ओढतात आणि दगडांच्या वजनाने ते अलगद वर येतं. बहुतेक वेळा त्यात मूठ-दोन मूठ मासळी असते. चिनी व्यापाऱ्यांनी ही पद्धत आणली असं परंपरा सांगते, पोर्तुगीजांनी ती मकावहून आणली असं काही अभ्यासक मानतात. मच्छीमार तुम्हाला दोर ओढायला बोलावतील. जरूर जा, पण नंतर पैसे मागितले जातात. किती ते आधी विचारा आणि आनंदाने द्या. आता केवळ मासळीवर ही जाळी टिकणं अवघड आहे.

तिथून चालत सेंट फ्रान्सिस चर्च. १५०३चं मूळ लाकडी, नंतर विटा-चुन्यात बांधलेलं. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीतच वारला आणि त्याला इथे पुरलं. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या, त्यामुळे आज दिसतो तो कठड्यातला रिकाम्या थडग्याचा दगड. गाइड हे शेवटी सांगतात, तुम्ही आधीच माहीत करून जा. वर छताकडे पाहायला विसरू नका: कापडी पंखे अजून टांगलेले आहेत, आणि त्यांचे दोर बाहेर उभ्या असलेल्या पंखेवाल्यांच्या हाती जात असत. भिंतींतले पोर्तुगीज आणि डच थडग्यांचे दगड पाहिले, की एकाच चर्चमध्ये तीन सत्ता कशा नांदून गेल्या ते समजतं.

सांता क्रूझ बॅसिलिका जवळच आहे. आजची इमारत १९०५ची. दहा मिनिटं पुरतात. १७२४चं डच दफनस्थान बाहेरून पाहून पुढे निघा. किनाऱ्यावर पोहायला उतरू नका, तो त्यासाठी चांगला नाही.

डिसेंबर ते मार्च या काळात जात असाल, तर कोची-मुझिरिस बिएनाले चालू आहे का ते पाहा. १२ डिसेंबर २०१२ला पहिली भरली, आणि साधारण दर दोन वर्षांनी भरते. ॲस्पिनवॉल हाउस या जुन्या व्यापारी पेढीच्या आवारात तिचं मुख्य ठिकाण असायचं. कलेची आवड असेल तर त्या दिवशी मट्टनचेरीचा वेळ कापा. दोन्ही नीट होणार नाहीत.

मट्टनचेरी: इथे घाई करू नका

फोर्ट कोचीहून मट्टनचेरी दोन-तीन किलोमीटर. रिक्षाने जा आणि साडेअकराच्या आत सिनेगॉगला पोहोचा, म्हणजे एकच्या कुलपाच्या आधी निवांत वेळ मिळतो.

परदेशी सिनेगॉग १५६८चं आहे. जमिनीवर चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, आणि एकीसारखी दुसरी नाही असं सांगतात. खाली वाकून दोन-तीन फरशा शेजारी-शेजारी ताडून पाहा. विलोच्या झाडाची फांदी एकीत जरा झुकलेली, दुसरीत सरळ. चपला बाहेर काढायच्या, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. मुलांना हाफ पँट घालून आणलंत तर अडचण होते.

१९४८नंतर इथली बहुतेक ज्यू कुटुंबं इस्रायलला गेली, आता गल्लीत त्यांची नावं दुकानांच्या पाट्यांवर अधिक दिसतात. आपल्या कोकणाचाही या गल्लीशी संबंध आहे. रायगड आणि ठाण्यातल्या बेने इस्रायली समाजाला, म्हणजे आपल्याकडच्या शनिवार तेल्यांना, हिब्रू प्रार्थना आणि धर्मविधी शिकवायला अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शिक्षक कोचीहून येत.

राजवाडा लागूनच आहे. त्याला डच पॅलेस म्हणतात, पण तो पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या मध्याला बांधून कोचीच्या राजाला दिला. डचांनी फक्त डागडुजी केली. बाहेरून साधा दिसतो म्हणून लोक आत जायचं टाळतात, आणि चुकतात. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण रंगवलंय, काव, पिवळी माती, हिरवा, काळा अशा रंगांत, इतकं दाट की भिंतीवर बोटभर जागा मोकळी नाही. तिकीट नाममात्र आहे. चित्रांचे फोटो काढायला मनाई आहे, ती पाळा.

वेळ उरला, तर चेरळाईला जा. गोव्यातून पोर्तुगीजांच्या जाचामुळे सोळाव्या शतकात निघालेली गौड सारस्वत कुटुंबं इथे स्थायिक झाली. त्यांचं तिरुमल देवस्थान इथेच आहे. त्यांच्या घरात आजही कोकणी बोलतात, आणि कान दिलात तर मराठी माणसाला अर्धं समजतं. डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ केला, तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीच्या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलंय. इतक्या जुन्या युरोपीय ग्रंथात आपली लिपी पोहोचली ती या वस्तीतून. देवळात पुरुषांना शर्ट काढून जावं लागतं, आणि केरळातल्या बऱ्याच देवळांत अन्यधर्मीयांना आत प्रवेश नसतो. गटात मित्रमंडळी असतील, तर हे आधी बोलून घ्या म्हणजे दारात कुणाचा अपमान होणार नाही.

जेवणाची चिंता नको. मट्टनचेरीत कच्छी मेमन वस्ती जुनी आहे, बिर्याणी उत्तम मिळते आणि हलाल मिळते. शाकाहाऱ्यांनी गुजराती रोड गाठावा. चिनी जाळ्यांजवळ मासे विकत घेऊन समोर शिजवून देतात, तिथे मासळीचा आणि शिजवण्याचा दर वेगवेगळा असतो. दोन्ही विचारा.

खरेदी: भिवंडीकरांचा हात इथे पक्का आहे

बाझार रोडवर चालताना सुंठ-मिरीचा वास येतो आणि दोन्ही बाजूंना जुनी गोदामं. गोदामांच्या गावातून गेलेल्या माणसाला इथलं काम लगेच कळेल: खाडीच्या बाजूने माल उतरायचा, रस्त्याच्या बाजूने विकायचा. मसाले घेताना एवढं पाहा:

- वेलची हिरवी, भरलेली, बंद तोंडाची घ्या. मिरी जड आणि टणक हवी. मूठभर पाण्यात टाकली तर पोकळ दाणे तरंगतात.
- खरी दालचिनी पातळ पापुद्र्यांची गुंडाळी असते आणि बोटांनी मोडते. जाड, एकेरी साल म्हणजे कॅसिया. ती वाईट नाही, पण तिला दालचिनीचा भाव देऊ नका.
- केशर घेऊ नका. ते केरळात पिकत नाही.
- दळलेले, रंगीबेरंगी मिश्र मसाले टाळा. अख्खे घ्या, घरी दळा.
- घरून निघण्यापूर्वी किराणा दुकानातले भाव मोबाइलमध्ये लिहून न्या. ‘कोचीत स्वस्तच असणार’ हे प्रत्येक दुकानात खरं नसतं.

कसवू साडी किंवा मुंडू घेणार असाल, तर यंत्रमागाचं कापड हातमागाच्या भावाने गळ्यात पडू शकतं. काठ आणि पोत बोटांनी ओळखणारी माणसं भिवंडीत घरोघरी आहेत, त्यांनी तो अंदाज इथे वापरावा. बाकीच्यांनी हातमागाचं चिन्ह असलेलं लेबल पाहावं, किंवा ‘हॅन्टेक्स’ या केरळच्या हातमाग सहकारी संस्थेच्या दुकानातून घ्यावं. कोचीजवळच्या चेंदमंगलमच्या धोतराला आणि सेट-मुंडूला भौगोलिक मानांकन आहे, त्या नावाने मागा. दारूच्या बाटल्या मात्र जहाजावर आत नेता येत नाहीत.

ज्येष्ठ आणि लहान मुलं

कोचीत डिसेंबरातही घाम निघतो. पाणी, टोपी, ओआरएस, रोजची औषधं लहान पिशवीत घ्या. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी सेंट फ्रान्सिस चर्च, राजवाडा आणि सिनेगॉग एवढंच करावं, मधलं अंतर रिक्षाने. समुद्र लागण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच घ्या.

भिवंडीहून निघताना

मुंबईचं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, पण अंजूरफाटा, काल्हेर-कशेळी, माणकोली आणि माजिवडा इथली कंटेनरची रांग तुम्हाला ठाऊक आहे. जहाज लोकलसारखं दर पाच मिनिटांनी नसतं. सामान थोडं असेल, तर कल्याण किंवा ठाण्याहून दुपारची लोकल पकडून सीएसएमटी आणि तिथून टॅक्सी, हा सगळ्यांत भरवशाचा मार्ग. गाडीनेच जायचं तर चेक-इनच्या वेळेआधी चार तास घर सोडा. भिवंडी रोड स्थानकावरच्या गाड्या मोजक्या आणि वसई-दिवा मार्गाच्या आहेत, त्यांच्यावर विसंबू नका.

- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र, बुकिंगवर आहे तेच नाव, तेच स्पेलिंग.
- कोचीत उतरताना जहाजाचं कार्ड आणि ओळखपत्र दोन्ही जवळ हवं. त्याशिवाय बंदराच्या फाटकातून परत आत येता येत नाही.
- जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं, की मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. नाहीतर तो समुद्रातल्या नेटवर्कला जोडला जातो आणि रोमिंगचं भरमसाट बिल येतं.

तुमचे हक्क

बुकिंग बऱ्याचदा ओळखीच्या एजंटाकडून, व्हॉट्सॲपवर होतं. तसं करायला हरकत नाही, पण पैसे दिल्याबरोबर जहाज कंपनीचं, तुमच्या नावाचं आणि क्रमांकाचं बुकिंग पत्र मागा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर पडताळा. केबिनचं भाडं, बंदर शुल्क, जीएसटी, सेवेचा आकार अशी फोड असलेलं बिल घ्या. ‘फक्त इतक्यात’ या जाहिरातीत यातलं बरंच नसतं.

हवामानामुळे कप्तान कोचीचा थांबा रद्द करू शकतो, आणि तो अधिकार अटींमध्ये असतोच. सुरक्षेसाठी तो हवाही. मात्र अशा वेळी बंदर शुल्क आणि आगाऊ घेतलेली किनाऱ्यावरची सहल यांचे पैसे परत मिळतात का, हे अटींत शोधा. मिळणार असतील तर जहाजावरच लेखी मागा.

सेवेत त्रुटी राहिली, पैसे अडकले, तर:

- आधी कंपनीला आणि एजंटाला ईमेल. फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून टिकत नाही.
- मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.
- त्यानेही भागलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. भिवंडीकरांनी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं, त्यासाठी कोचीला किंवा कंपनीच्या गावी जावं लागत नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ‘ई-जागृती’वर ऑनलाइन दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची.

कोचीत फिरताना कुणी फसवलं, धमकावलं, तर ११२ लावा. पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते.

जहाज चुकलंच तर

स्वतंत्रपणे फिरणाऱ्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही, आणि पुढचा खर्च तुमचाच. म्हणून पैसे, ओळखपत्र आणि औषधं केबिनमध्ये न ठेवता अंगावर ठेवा. उशीर होतोय असं दिसताच जहाजाच्या स्थानिक प्रतिनिधीला फोन करा, त्याचा क्रमांक सकाळच्या सूचनापत्रकात असतो. सामान मुंबईच्या धक्क्यावर कसं ताब्यात मिळेल ते त्याच्याकडूनच ठरवून घ्या. विमानतळ नेदुंबाश्शेरीला आहे, शहरापासून तासाभराच्या पुढे. रेल्वे मात्र विलिंग्डन बेटाजवळच्या एर्नाकुलम जंक्शनहून आहे: नेत्रावती एक्स्प्रेस कोकण रेल्वेने येते आणि ठाण्याला थांबते, मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस कल्याणला. दोन्हींना साधारण एक दिवस लागतो. दोन्हींपैकी एकीच्या तत्काळ तिकिटाचे आणि एका रात्रीच्या मुक्कामाचे पैसे सहलीच्या खर्चातून वेगळे काढून ठेवा.